ती यादी किती लांब होती?



स्मृतिव्याख्यानाला येताना श्रोते गंभीर विषयाची अपेक्षा ठेवून येतात. आज मी तुमच्यापुढे एक विनोदी चित्रपट ठेवणार आहे. तोही हेरपटाचं विडंबन करणारा, आणि त्यातही मालिकेतला दुसरा भाग. विषय हलका वाटेल. मला तो हलका वाटत नाही. एका देशानं पन्नास वर्षं जे बोलायचं टाळलं, ते या चित्रपटानं भर थिएटरात, हसत्या प्रेक्षकांसमोर बोलून दाखवलं. तो आजही का पाहिला जातो, त्यातली वाक्यं फ्रान्समधल्या लोकांच्या तोंडी अजून का आहेत, याचा शोध घेण्यासाठी मी उभा आहे.

चित्रपटाचं नाव ‘ओएसएस ११७ : रिओ ने रेपाँ प्लु’, म्हणजे रिओकडून आता उत्तर येत नाही. १५ एप्रिल २००९ रोजी तो फ्रान्समध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शक मिशेल हाझानाविशियस, नायक ज्याँ दुजार्दँ. ही दोन नावं तुमच्यापैकी अनेकांना ‘द आर्टिस्ट’मुळे माहीत असतील. त्या मूकपटाला २०१२ साली पाच ऑस्कर मिळाली, आणि सगळ्या जगानं या जोडीकडे पाहिलं. पण फ्रान्समधल्या प्रेक्षकांना ही जोडी आधीच ठाऊक होती, ती या हेरामुळे.

आधी एक साधा प्रश्न. विडंबनपट फार काळ का टिकत नाहीत? कारण ते दुसऱ्याच्या जिवावर जगतात. मूळ चित्रपट लोकांच्या डोळ्यांसमोर असतो तोवर त्याची खिल्ली कळते. मूळ विसरलं की खिल्लीही विसरली जाते. १९६६ आणि १९६७ साली जेम्स कोबर्नचे फ्लिंट नावाच्या हेरावरचे विडंबनपट आले. त्याच सुमारास डीन मार्टिननं मॅट हेल्मच्या भूमिकेत बाँडची नक्कल केली, एकदा नव्हे, चार चित्रपटांत. त्या वेळी थिएटरं भरली. आज ते कोण आवर्जून काढून बघतं? आणि दुसऱ्या भागाची गोष्ट तर आणखी अवघड. पहिल्या भागात विनोद सांगून झालेला असतो. तोच पुन्हा सांगायचा म्हणजे लोक उत्तर आधीच ओळखतात. १९९९ साली ‘ऑस्टिन पॉवर्स’चा दुसरा भाग आला. पहिल्या भागानं अमेरिकेत एकूण जेवढी कमाई केली होती, त्याहून जास्त यानं पहिल्या तीन दिवसांत केली. त्यातल्या नायकाचं, माइक मायर्सचं कसब मोठं आहे, ते मी मनापासून मान्य करतो. पण त्या चित्रपटातलं हसू बाँडपटांपाशी सुरू होतं आणि बाँडपटांपाशीच संपतं. मला आज ज्याच्याविषयी बोलायचं आहे, ते हसू चित्रपटांच्या बाहेर जातं.

हा ‘ओएसएस ११७’ मुळात कोण? तो विडंबनासाठी जन्मलेला नाही. १९४९ साली ज्याँ ब्रूस नावाच्या फ्रेंच लेखकानं त्याला जन्म दिला. इयान फ्लेमिंगची पहिली बाँड कादंबरी १९५३ची. म्हणजे हा हेर बाँडपेक्षा चार वर्षांनी मोठा. कर्नल ह्युबेर बोनिसेर द ला बात असं त्याचं लांबलचक सरदारी नाव. कादंबऱ्यांत तो फ्रेंच वंशाचा अमेरिकन आहे, आणि ओएसएस ही अमेरिकेची युद्धकाळातली हेरसंस्था, जी १९४५ सालीच बंद झाली होती. ब्रूस झपाट्यानं लिहीत असे. १९६३ साली मोटार अपघातात तो गेला तोवर या हेराच्या ऐंशीहून अधिक कादंबऱ्या बाजारात होत्या. पुढे त्याच्या पत्नीनं आणि नंतर मुलांनी ही मालिका चालू ठेवली. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं जशी हातोहात खपत, एकानं वाचून दुसऱ्याला द्यावीत आणि पुढच्या पुस्तकाची वाट बघावी, तसा या कादंबऱ्यांचा वाचक होता. १९६०च्या दशकात त्यांच्यावर चित्रपटही निघाले, सरळ, गंभीर हेरपट. त्यातला १९६५चा, आंद्रे ऊनबेल यांचा, चक्क ब्राझीलमध्ये घडतो. त्यातला नायक फ्रेडरिक स्टॅफर्ड पुढे हिचकॉकच्या ‘टोपाझ’मध्ये दिसला. तेव्हा २००९चा ह्युबेर ब्राझीलला जातो तो उगाच नाही. तो आपल्याच जुन्या वाटेनं परत जातो.

हाझानाविशियस आणि लेखक ज्याँ-फ्रांस्वा आलँ यांनी २००६ साली हा विस्मरणात गेलेला हेर बाहेर काढला. आलँ हा दूरचित्रवाणीवरच्या बाहुल्यांच्या राजकीय कार्यक्रमाचा लेखक. पुढाऱ्यांना त्यांच्याच भाषेत बोलायला लावण्यात त्याचा हातखंडा. या दोघांनी एक छोटा पण निर्णायक बदल केला. ह्युबेरला अमेरिकन न ठेवता त्यांनी फ्रेंच केलं. अस्सल, अभिमानी, सरकारी फ्रेंच. या एका बदलानं सगळा रोख फिरला. आता हा हेर जे काही मूर्खासारखं बोलेल ते अमेरिकेच्या खात्यात जमा होणार नव्हतं. ते घरचं होतं.

पहिल्या भागात तो १९५५च्या कैरोत उतरतो. इजिप्तच्या लोकांना भेट म्हणून काय देतो? फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष रने कोती यांचा फोटो. पहाटेची अजान झोप मोडते म्हणून मनोऱ्यावर चढून मुअज्जिनला गप्प करतो. सुएझ कालवा चार हजार वर्षांपूर्वी प्राचीन इजिप्शियनांनी बांधला असं समजून त्यांच्या दूरदृष्टीचं कौतुक करतो. कालवा १८६९ साली खुला झाला, त्यात फ्रेंचांचाच मोठा हात होता, हे त्या फ्रेंच माणसाला ठाऊक नाही. आणि लक्षात घ्या, गोष्ट १९५५ची आहे. पुढच्याच वर्षी, जुलै १९५६मध्ये, इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष नासर तो कालवा राष्ट्राच्या ताब्यात घेणार आहेत. प्रेक्षकाला हे माहीत आहे. ह्युबेरला माहीत नाही. ही जाणीव आणि हे अज्ञान यांच्यामधल्या फटीत सगळा विनोद उभा आहे.

पहिला भाग चांगलाच आहे. पण माझं स्पष्ट मत आहे की दुसरा भाग त्याहून श्रेष्ठ आहे, आणि त्याचं कारण विनोदाच्या दर्जात नाही. दोन्हीकडे विनोद सारखाच नेमका आहे. कारण हे, की पहिल्या भागात ह्युबेर परक्या देशाविषयी अडाणी आहे. दुसऱ्या भागात तो स्वतःच्या देशाविषयी अडाणी आहे.

कथा थोडक्यात सांगतो. साल १९६७. म्हणजे कैरोनंतर बारा वर्षं. फॉन झिमेल नावाचा एक नाझी अधिकारी दक्षिण अमेरिकेत लपला आहे. त्याच्याजवळ एक मायक्रोफिल्म आहे, आणि त्या मायक्रोफिल्मवर यादी आहे. कसली यादी? जर्मन ताब्याच्या काळात नाझींशी हातमिळवणी करणाऱ्या फ्रेंच लोकांची. पैसे द्या, नाहीतर यादी जाहीर करतो, अशी त्याची धमकी. पैशांची बॅग घेऊन ह्युबेरला रिओला धाडलं जातं. तिथे त्याला मोसाद या इस्रायली हेरसंस्थेची अधिकारी डोलोरेस कुलेशॉव भेटते. तिला यादीत रस नाही, तिला तो नाझी हवा आहे. आणि ह्युबेर? त्याला अशी यादी असू शकते हेच मुळात पटत नाही. कारण सगळा फ्रान्स लढला असं खुद्द राष्ट्राध्यक्ष जनरल द गॉल यांनी सांगितलं आहे. मग यादी असलीच तर किती लांब असणार?

मित्रहो, इथे मी चित्रपट थोडा बाजूला ठेवतो. या एका प्रश्नाचं खरं उत्तर माहीत असल्याशिवाय हा चित्रपट अर्धाच कळतो.

२५ ऑगस्ट १९४४ला पॅरिस मुक्त झालं. त्या संध्याकाळी नगरभवनातून केलेल्या भाषणात द गॉल यांनी शहर कोणी मुक्त केलं याचं श्रेय शहरालाच दिलं, फ्रान्सलाच दिलं. फाटलेला देश शिवायचा होता. त्या क्षणी त्या शब्दांची गरज होती, हे मी समजू शकतो. पण गरजेपोटी सांगितलेली गोष्ट हळूहळू शाळेची, सरकारची, सणासमारंभांची गोष्ट झाली. १६ आणि १७ जुलै १९४२ला पॅरिसमध्ये सुमारे १३,००० यहुदी पकडले गेले. त्यात चार हजारांहून अधिक मुलं होती. त्यांच्या दारावर थाप मारणारे शिपाई जर्मन नव्हते. ते फ्रेंच पोलीस होते. हे सगळ्यांना माहीत होतं आणि हे कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

किती बोलत नव्हतं? एक वस्तू दाखवतो. एक टोपी. आलँ रेने या थोर दिग्दर्शकानं छळछावण्यांवर ‘नुई ए ब्रुयार’, रात्र आणि धुकं, हा माहितीपट केला. साल १९५६. त्यात पिथिव्हिएच्या छावणीचं एक छायाचित्र आहे. बुरुजावर एक पहारेकरी उभा आहे. त्याच्या डोक्यावर फ्रेंच पोलिसाची गोल, पुढे आलेल्या काठाची टोपी आहे. सेन्सॉरनं हरकत घेतली. चित्रपटात प्रेतं होती. केसांचे ढीग होते. पण ती टोपी चालणार नव्हती. शेवटी छायाचित्रावर आडवी तुळई असल्यासारखं काही रंगवून ती टोपी झाकली, आणि मगच चित्रपट मोकळा झाला. पुढे अनेक दशकं लोकांनी तो तसाच पाहिला. एका टोपीची एवढी भीती का वाटावी? कारण ती एक टोपी दिसली असती तर यादी सुरू झाली असती.

१९७२ साली रॉबर्ट पॅक्स्टन या अमेरिकन इतिहासकारानं जर्मन कागदपत्रांवरून दाखवून दिलं की जर्मन ताब्याच्या काळातल्या फ्रेंच विशी सरकारनं अनेक गोष्टी दबावाखाली नव्हे, स्वतःहून केल्या. परक्या माणसानं ते सांगावं लागलं. फ्रेंच राष्ट्राध्यक्षानं राज्यसंस्थेची जबाबदारी उघडपणे मान्य केली ती १६ जुलै १९९५ला, जाक शिराक यांनी. धरपकडीनंतर तब्बल त्रेपन्न वर्षांनी.

आता चित्रपटाचं साल पुन्हा आठवा. १९६७. त्या वर्षाच्या जानेवारीपर्यंत पॅरिसच्या पोलीस दलाचा प्रमुख कोण होता? मॉरिस पापाँ. हाच पापाँ युद्धकाळात बोर्दोच्या प्रशासनात वरिष्ठ अधिकारी होता, आणि तिथून यहुद्यांना छावण्यांकडे पाठवण्याच्या हुकमांवर त्याच्या सह्या होत्या. युद्ध संपलं, तो पदं चढत गेला, पुढे अर्थसंकल्पमंत्रीही झाला. १९९८ साली, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्याला शिक्षा झाली. म्हणजे ज्या साली हा काल्पनिक हेर “यादी असलीच तर किती लांब असणार” म्हणतो, त्या साली त्या यादीतला एक खरा माणूस पॅरिस पोलिसांच्या सर्वोच्च खुर्चीवरून नुकताच उठला होता.

लेखकांनी हे साल सहज निवडलं असेल? मला तसं वाटत नाही. कारण त्याच साली, २८ फेब्रुवारी १९६७ला, साओ पाउलोत फ्रान्झ श्टांगल पकडला गेला. सोबिबोर आणि ट्रेब्लिंका या मृत्युछावण्यांचा हा प्रमुख. तो १९५१पासून ब्राझीलमध्ये राहत होता. फोक्सवॅगनच्या कारखान्यात नोकरी करत होता. आणि कोणत्या नावानं? स्वतःच्या. ऑस्ट्रियाच्या वाणिज्य दूतावासात त्याची त्याच नावानं नोंद होती. हे मनात ठेवा आणि मग चित्रपटातला तो प्रसंग पाहा. नाझी शोधायचा आहे. डोलोरेस व्यूहरचना आखते आहे. ह्युबेर सरळ जर्मन वकिलातीत जाऊन चौकशी करतो, की माजी नाझींचं इथे एखादं मंडळ आहे का. प्रेक्षागृह हसतं. आणि ज्याला श्टांगल माहीत आहे, त्याचं हसू निम्म्यावर थांबतं. ह्युबेर मूर्ख आहे, पण त्या जगात त्याची ही मूर्ख चौकशी फारशी चुकीची नव्हती.

मला विचाराल तर या चित्रपटाचं खरं मोठेपण इथे आहे. हेरपटाचं विडंबन हा त्याचा वेश आहे. आत एक देश स्वतःच्या कागदपत्रांसमोर बसला आहे.

आता कारागिरीकडे वळतो, कारण चांगला हेतू असलेले कंटाळवाणे चित्रपट ढिगानं असतात, आणि हा त्यातला नाही.

पहिली गोष्ट, हा चित्रपट १९६७ साली काढला असता तर जसा दिसला असता तसा दिसतो. पडद्याचे दोन, तीन, चार तुकडे करून एकाच वेळी अनेक दृश्यं दाखवायची त्या काळात फॅशन होती. १९६८चा ‘द थॉमस क्राउन अफेअर’ आठवा. इथे तीच पद्धत, तोच भडक रंग, लुदोविक बूर्स यांचं त्याच काळातलं वाटणारं संगीत. चित्रीकरण खऱ्या रिओत आणि वास्तुविशारद निमायरच्या ब्राझिलियामध्ये. त्या पांढऱ्या, वळणदार, भविष्याकडे झेपावणाऱ्या इमारतींमधून हा भूतकाळात अडकलेला माणूस चालत जातो. दिग्दर्शकानं त्यावर एकही शब्द खर्च केलेला नाही. इमारतीच बोलतात.

दुसरी गोष्ट, कोणीही विनोद करत असल्यासारखं वागत नाही. हा धडा विनोदी नटांनी घ्यावा असा आहे. दुजार्दँ बाँडच्या भूमिकेतल्या शॉन कॉनरीसारखी भुवई उचलतो, खांदे तसेच ठेवतो, सूट तसाच घालतो. फरक फक्त एका ठिकाणी आहे. त्याचं हसू. तो तोंड उघडून हसतो आणि ते हसू जितकं टिकायला हवं त्याहून थोडं जास्त टिकवतो. समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव बदलले, विषय बदलला, तरी ते दात तसेच दिसत राहतात. सीआयएचा एक जाडजूड अधिकारी त्याला भेटतो आणि हसत हसत इंग्रजीत त्याच्यावर अपमानाचा वर्षाव करतो. ह्युबेर त्याच्याबरोबर मोठ्यानं हसतो. त्याला कळलं की नाही? शेवटपर्यंत सांगता येत नाही. एवढ्या बारीक रेषेवर सलग तोल सांभाळणं फार अवघड असतं.

आणि रुग्णालयातला पाठलाग. हेरपटात पाठलाग हवाच. इथे पळणाराही जखमी आणि पाठीमागचाही जखमी. रुग्णालयाच्या लांब बोळातून दोघंही पाय ओढत, भिंतीला धरत, सलाइनच्या नळ्यांसकट पुढे सरकतात. अंतर कमी होत नाही. दृश्य लांबत जातं. आधी आपण हसतो, मग हसायचं थांबतो, मग आणखी लांबतं तेव्हा पुन्हा हसू फुटतं आणि या वेळी ते आवरत नाही. दिग्दर्शकाला आपल्या प्रेक्षकाच्या श्वासाची लांबी माहीत असल्याशिवाय असं दृश्य जमत नाही. मगर अख्खी शेकोटीवर भाजण्याचा प्रसंगही असाच, निव्वळ धीरावर उभा आहे.

पण या चित्रपटातला सर्वात मोलाचा प्रसंग कृतीचा नाही, संभाषणाचा आहे. ब्राझीलमध्ये १९६४पासून लष्करी राजवट होती. डोलोरेस त्या देशाला हुकूमशाही म्हणते. ह्युबेरला ते अतिशयोक्त वाटतं. हुकूमशाही म्हणजे काय हे तो तिला प्रेमानं समजावून सांगतो. त्याच्या मते हुकूमशाही म्हणजे जिथले लोक कम्युनिस्ट असतात, थंडीनं कुडकुडतात, राखाडी टोप्या आणि चेनचे बूट घालतात. मग ती विचारते, ज्या देशाचा राष्ट्राध्यक्ष लष्करातला आहे, सगळे अधिकार त्याच्या हातात आहेत, गुप्त पोलीस आहेत, टीव्हीवर एकच वाहिनी आणि सगळ्या बातम्या सरकारच्या मुठीत आहेत, त्या देशाला तुम्ही काय म्हणाल? ह्युबेर क्षणभरही अडखळत नाही. छाती फुगवून सांगतो की त्या देशाला तो फ्रान्स म्हणतो, आणि तोही जनरल द गॉल यांचा फ्रान्स.

हे उत्तर आज फ्रान्समध्ये म्हणीसारखं वापरलं जातं. पण त्याची ताकद कशात आहे ते पाहा. वाक्याआधी डोलोरेसचा प्रश्न अगदी सरळ आहे. ती सापळा लावत नाही, ती ब्राझीलविषयीच बोलते आहे. फ्रान्सचं नाव ह्युबेरच घेतो. टीका करायची म्हणून नव्हे, अभिमानानं. कोणी पत्रकार हे बोलला असता तर तो आरोप झाला असता. इथे देशभक्त स्वतःच्या तोंडानं साक्ष देतो. आणि काळ बघा, १९६७. लवकरच मे १९६८ येणार आहे. विद्यार्थी रस्त्यावर येणार आहेत, कारखाने बंद पडणार आहेत. चित्रपटात हिप्पी आहेत, समुद्रकिनारा आहे, लांब केसांची पोरं आहेत. ह्युबेर त्यांच्यातून फिरून येतो आणि त्याला काहीही समजत नाही.

आता एका कठीण प्रश्नाला सामोरं जायला हवं. पूर्वग्रह असलेल्या माणसाला नायक करून त्याच्या तोंडी ते सगळे पूर्वग्रह घातले, तर प्रेक्षक त्याला हसतो की त्याच्याबरोबर हसतो? ह्युबेर एका यहुदी स्त्रीशी यहुद्यांविषयी जे बोलतो ते ऐकवत नाही. ती अधिकारी आहे, त्याच्याहून हुशार आहे, आणि तो तिला सहायकासारखं वागवतो. यहुदी आणि नाझी यांनी एक दिवस समेट करायला हवा, असं तो निरागसपणे सुचवतो. हे धोक्याचं आहे, आणि धोका खरा आहे. माझं उत्तर असं, की या चित्रपटात बहुतेक वेळी कॅमेरा समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर जातो. डोलोरेस ऐकते, थकते, चिडते, कधी कधी नुसतीच बघत राहते. लुईझ मोनो या अभिनेत्रीनं ही बघत राहण्याची भूमिका अतिशय शांतपणे केली आहे. प्रेक्षकाला उभं राहायला जागा तिच्या बाजूला दिलेली आहे. हसू तिथून येतं.

सगळीकडे हे साधलेलं नाही. बदला घ्यायला एकापाठोपाठ येणाऱ्या चिनी मारेकऱ्यांचा धागा मला कच्चा वाटतो. तिथे समोर कोणी माणूस नाही, फक्त उच्चार आणि पोशाख आहेत. ज्या गोष्टीवर ह्युबेरला हसायला हवं, ती गोष्ट त्या जागी चित्रपटच करू लागतो. तो भाग मी आज पाहतो तेव्हा माझं हसू विरतं.

पण मग फॉन झिमेलचं ते भाषण येतं. शेक्सपिअरच्या शायलॉकचं ते सुप्रसिद्ध स्वगत, यहुद्यालाही डोळे नसतात का, त्यालाही टोचलं तर रक्त येत नाही का, असं विचारणारं. इथे तो नाझी तेच शब्द स्वतःसाठी वापरतो. यहुद्याच्या जागी नाझी. १९४२ साली, युद्ध पेटलेलं असताना, अर्न्स्ट लुबिच यांनी ‘टू बी ऑर नॉट टू बी’ काढला होता. त्यात वॉर्सातला एक यहुदी नट नाझी सैनिकांसमोर हेच स्वगत म्हणतो आणि आपल्या अंगावर काटा येतो. हाझानाविशियस यांनी लुबिच यांना केलेला तो नमस्कार आहे असं मी मानतो. आणि तो नमस्कार उलटा आहे. पीडिताचे शब्द चोरून छळणारा स्वतःला पीडित म्हणवतो. युद्धानंतर कितीतरी नाझींनी हेच केलं. न्यायालयात केलं, आत्मचरित्रांत केलं. एका विनोदी चित्रपटात, दोन मिनिटांत, ते सारं उघडं पडतं.

हाझानाविशियस यांचं घराणं लिथुआनियातून आलेलं यहुदी घराणं. त्यांचा जन्म पॅरिसमधला, मार्च १९६७चा. चित्रपटाच्या सालाचा. २०२४ साली त्यांनी ‘ला प्लु प्रेस्यूज दे मार्शांदीझ’ हा ॲनिमेशनपट केला. छावणीकडे जाणाऱ्या आगगाडीतून बर्फात टाकलेलं एक बाळ आणि त्याला उचलणारी लाकूडतोड्याची बायको, अशी ती गोष्ट आहे. त्यात विनोद नाही. तो पाहिल्यावर मला वाटलं की हा माणूस पंधरा वर्षांपूर्वीही याच गोष्टीजवळ उभा होता. तेव्हा त्यानं हसण्याचा मार्ग घेतला होता.

दुसरा भाग म्हणून या चित्रपटानं काय साधलं, हे सांगून शेवटाकडे येतो. बहुतेक मालिकांत दुसऱ्या भागात नायकात काहीतरी बदल दाखवतात. तो शहाणा होतो, हळवा होतो. इथे बारा वर्षं उलटली आहेत, अल्जीरिया स्वतंत्र झाला आहे, फ्रेंच साम्राज्य जवळजवळ संपलं आहे, आणि ह्युबेर तसाच आहे. जग बदललं आणि तो बदलला नाही. त्याच्या भूतकाळात एक जखमही दिली आहे. तो एकेकाळी सर्कशीत झोपाळ्यावर कसरती करत असे आणि त्याच्या हातून जोडीदार निसटला होता. म्हणून त्याला उंचीची भीती. आणि शेवटची झुंज कुठे? रिओच्या डोंगरावरच्या येशूच्या त्या प्रचंड पुतळ्यावर. हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ची, स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यावरच्या त्याच्याच एका जुन्या चित्रपटातल्या झटापटीची आठवण देत. तिथे तो उंचीच्या भीतीवर मात करतो. बाकी कशावरही नाही. एक वैयक्तिक भीती जिंकणं सोपं असतं आणि देशाविषयी शिकलेलं एक खोटं सोडणं अवघड असतं, हे लेखकांनी उपदेश न करता दाखवलं आहे.

दोन्ही भागांना फ्रान्समध्ये प्रत्येकी वीस लाखांहून अधिक प्रेक्षक मिळाले. मग २०२१ साली तिसरा भाग आला, ‘आफ्रिकेतून धोक्याचा इशारा’ अशा अर्थाच्या नावाचा. कान महोत्सवाचा समारोप त्यानं झाला. दिग्दर्शक बदलला होता, निकोला बदो. दुजार्दँ तोच, लेखक आलँ तोच. साल १९८१. चित्रपट देखणा आहे, विनोद आहेत, आणि तरीही तो मनात रुतत नाही. अनेकांनी याचं खापर दिग्दर्शकावर फोडलं. मला कारण वेगळं वाटतं.

१९८१ हे साल हाताशी असताना त्यांनी काय सोडलं ते पाहा. ६ मे १९८१ रोजी, राष्ट्राध्यक्षपदाच्या मतदानाच्या दुसऱ्या फेरीला चार दिवस राहिलेले असताना, ‘ल कानार आँशेने’ या साप्ताहिकानं पापाँची ती बोर्दोची कागदपत्रं छापली. मंत्रिमंडळात बसलेल्या माणसाच्या सह्या देशानं छापील पानावर पाहिल्या. त्याच साली, मार्सेल ऑफ्युल्स यांचा ‘ल शाग्रँ ए ला पितिए’, क्लेरमाँ-फेराँ शहरातल्या हातमिळवणीची कथा लोकांच्याच तोंडून सांगणारा चार तासांहून लांब माहितीपट, फ्रेंच दूरचित्रवाणीवर पहिल्यांदा दाखवला गेला. तो तयार झाला होता १९६९ साली. बारा वर्षं सरकारी दूरचित्रवाणीनं तो अडवून धरला होता. ह्युबेर १९६७ साली ज्या यादीमागे रिओपर्यंत गेला, ती यादी १९८१ साली पॅरिसच्या वर्तमानपत्रांच्या गाड्यावर विकत मिळत होती. घराघरात टीव्हीवर दिसत होती. आणि लेखकांनी आपल्या हेराला विमानात बसवून पुन्हा परक्या देशात धाडलं.

चौथा भाग कोणी काढायचा म्हटलं तर माझी एवढीच मागणी आहे. ह्युबेरला कुठेही पाठवू नका. त्याला त्या मे महिन्यात पॅरिसमध्येच ठेवा. त्याच्या हातात ते साप्ताहिक द्या, आणि दुजार्दँच्या चेहऱ्यावर कॅमेरा लावा.